भामास, मामास

हैदराबाद शहराबाहेर, जिथे माझ्या तरुणपणी सीताफळांची रानं होती, तिथे एका नव्या खासगी बँकेने प्रशिक्षण केंद्र बांधलं होतं. केंद्र म्हणायचं नाही, कॅम्पस म्हणायचं. ही पहिली दुरुस्ती फाटकावरच्या पहारेकऱ्यानेच केली. आत हिरवळ अशी की तिच्यावर पाय ठेवायला बंदी. इमारत काचेची, पण एकही खिडकी उघडत नव्हती. माझ्या गळ्यात एक पट्टा अडकवला होता आणि त्यावर इंग्रजीत ‘मुकुंद राव, रिसोर्स पर्सन’ असं छापलं होतं. चौतीस वर्षं मी विद्यानगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तिथे मला कुणी फारसं मोजलं नाही हे खरं, पण निदान गळ्यात दोरी बांधली नव्हती.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. नांदेड, लातूर, परभणीकडे शाखा उघडायच्या म्हणून बँकेने तीस मुलं भरती केली होती आणि त्यांना पाच दिवसांत मराठी यायला हवी होती. पाच दिवसांत! मी बाहत्तर वर्षांचा झालो, तरी ‘ऱ्हस्व’ लिहिताना अजून थांबतो. पण मला नाही म्हणता येत नाही. कुणी काही विचारलं की आधी तोंडातून ‘हो हो’ निघतं, विचार मागून येतो. या ‘हो हो’ने माझं बरंच नुकसान केलं आहे. याही गोष्टीत त्यानेच केलं.

पहिल्या दिवशी दिल्लीकडचा एक मुलगा हात वर करून म्हणाला, ‘सर, ये ‘ळ’ ऑप्शनल है क्या?’

मी मनात म्हटलं, बाळा, ऑप्शनल तू आहेस. तोंडाने म्हणालो, ‘जमेल तसं म्हणा.’

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मी घरून आणलेलं कुरिअरचं पाकीट उघडलं. मी निघताना ते दारात आलं होतं आणि तसंच पिशवीत टाकलं होतं. आत माझ्या पुस्तकाची, छपाईआधी तपासायची, शेवटची प्रत होती. हैदराबादच्या मराठी घरांतून बोलले जाणारे, दखनी आणि तेलुगूत मुरलेले शब्द मी सव्वीस वर्षं जमवत होतो. त्यांतले निम्मे माझ्या बायकोच्या, भामाच्या, तोंडचे. ती शेतकरी घरातली, चौथी शिकलेली. ती बोलायची आणि मी तिच्या नकळत लिहून घ्यायचो. तिला ते कळलं तेव्हा म्हणाली, ‘माझे शब्द चोरतंय हे ध्यान.’ तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. पुस्तक पुण्याला छापत होते.

तिसऱ्या पानावर अर्पणपत्रिका होती. पानाच्या मधोमध, सुबक टाइपात:

‘मामास, जिच्या तोंडचे हे शब्द आहेत.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मामाच होता. ‘भ’ची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते. इथे ती कुणीतरी सांधून टाकली होती आणि माझी बायको माझा मामा झाली होती.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. अर्पणपत्रिका कागदावर लिहून पाठवायची मला लाज वाटली होती. ती मी फोनवर सांगितली होती, तीही हलक्या आवाजात, कारण शेजारी सुट्टीला आलेली सून बसली होती. पलीकडून छापखान्याच्या सुधीरने विचारलं होतं, ‘मामास ना?’ आणि मी म्हणालो होतो, ‘हो हो.’

जेवणघराच्या पायऱ्यांवर जाऊन मी सुधीरला फोन लावला.

‘काका, परत?’ तो म्हणाला. ‘चार वाजता प्लेट मशीनवर चढतेय.’

‘एकच अक्षर आहे हो. तिसऱ्या पानावर.’

‘फोनवर सांगितलेलं मी घेणार नाही. ‘नक्को’मध्ये एक क की दोन, हे तुम्ही मला फोनवर चार वेळा सांगितलंत. चारही वेळा वेगळं. मालक माझ्यावर ओरडले. मेल करा. चारच्या आत मेल आली तर बदलतो. नाही तर छापतो.’

‘पण ते भामास...’

‘हां, मामास. तेच छापलंय ना?’

मी फोन ठेवला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

कॅम्पसच्या संचालिका प्रियदर्शिनी मॅडम. त्यांच्या खोलीत सहा संगणक होते आणि सगळ्यांवर इंटरनेट होतं. मी दारात उभा राहून सांगितलं की एका ओळीची मेल करायची आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते शाळेत घाबरून चड्डी ओली केलेल्या मुलाकडे पाहतात तसं, फार प्रेमाने.

‘सर, आय अंडरस्टँड. पण बाहेरच्या मेलला पॉलिसीत परवानगी नाही. तुम्ही गेस्ट रिक्वेस्ट फॉर्म भरा. चोवीस तासांत अप्रूव्हल येईल.’

‘चारच्या आत पाहिजे होतं.’

‘शुअर, सर. फॉर्मवर ‘अर्जंट’ लिहा.’

मी फॉर्म भरला. ‘अर्जंट’ही लिहिलं. असा माणूस आहे मी. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की जग आता एक गाव आहे. गावात निदान पोस्टमन असतो.

एक उपाय उरला होता. माझा मुलगा शिवराज बेंगळुरूला असतो. त्याने त्याचा जुना लॅपटॉप मला दिला होता आणि फोनवर बजावलं होतं, ‘बाबा, पाच दिवस तिकडे राहणार, तर डेटा कार्ड घ्या. काडेपेटीएवढं असतं, लॅपटॉपला खोचलं की मोबाइलसारखी रेंज पकडतं.’ आदल्या रविवारी सुलतान बाजारच्या एका दुकानातून मी ते घेतलं होतं. दुकानदाराने सगळं चालू करून दाखवलं, चार आकडी पिन घातला आणि कसला तरी विनोद करून स्वतःच हसला. मी पिन डायरीत लिहून घेतला. खोकं घरी ठेवलं. सूचनांचा कागद खोक्यात.

सगळ्या कॅम्पसमध्ये मोबाइलची रेंज फक्त जेवणघराच्या पायऱ्यांवर यायची. अडीचची तासिका सव्वातीनला संपवून मी तिथे बसलो, लॅपटॉप मांडीवर, कार्ड खोचलेलं. पडद्यावर चौकट आली: पिन टाका. खाली बारीक अक्षरांत: तीन प्रयत्न.

तीन प्रयत्न वाचून माझं बोट जिथल्या तिथे थांबलं. मी डायरी पाहिली. आकडे माझेच होते. पण मी लिहिलेलं बरोबर असतं यावर माझा विश्वास नाही. कॅटलॉगचं कार्ड लिहूनसुद्धा मी चार वेळा पाहायचो. तीन वाजून बत्तीस मिनिटं झाली आणि मी एकही कळ दाबली नव्हती.

‘क्या अंकल, पायरीवर ऑफिस खोले क्या?’

समोर एक तरुण उभा होता. त्याच्या पट्ट्यावर ‘अनिरुद्ध, आयटी सपोर्ट’ लिहिलं होतं. त्याने माझा पट्टा वाचला. ‘मुकुंद राव. तेलुगू?’

‘मराठी.’

‘अरे! मी पण मराठी. काचीगुडा. आमचे दादा किशनराव, स्टेशनच्या मागे राहते. काय प्रॉब्लेम होऊन गेला?’

काचीगुड्याची जुनी मराठी घरं, आजोबांना ‘दादा’ म्हणणारी, मला माहीत आहेत. त्या घरातल्या मुलाला असं बोलताना ऐकून माझ्या अंगावर काटा आला. खरं तर माझ्या पुस्तकात याच भाषेला साडेतीनशे पानं दिली आहेत. पण ती सगळी मेलेल्या माणसांच्या तोंडची.

मी त्याला कार्ड आणि पिनचं सांगितलं. चारची वेळही सांगितली.

‘बस, इतकंच? बाजू सरका.’ त्याने लॅपटॉप माझ्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि डायरी माझ्या हातातून घेतली. विचारलं नाही. चार कळा टकटक वाजल्या. चौकट लाल झाली.

‘रॉन्ग पिन. अंकल, हे काय लिहिले?’

‘पिन.’

‘अक्षर असं कसं तुमचं? चींटी शाईत पडून चालली वाटते.’ त्याने डायरी डोळ्यांजवळ नेली, पुन्हा चार कळा दाबल्या, या वेळी हळू. चौकट पुन्हा लाल झाली.

‘गलत आहे. तुम्ही गलत लिहून आणले. आता एकच चान्स. तो गेला की सिम लॉक, मग दुकानात जा.’ तो हसला. ‘या उमरमध्ये नेट कायको पाहिजे, अंकल? न्यूजपेपर वाचा. आमचे दादा तेच करते.’

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला वाटलं, बरोबर आहे. मीच चुकीचं लिहिलं असणार. तेरा-बाराच्या जागी बारा-तेरा हवं असेल. दुकानदार बोलत असताना माझं लक्ष समोरच्या पुस्तकांच्या गाड्याकडे गेलं असेल. अर्पणपत्रिका मी हलक्या आवाजात सांगितली, पिन चुकीचा लिहिला, फॉर्मवर ‘अर्जंट’ लिहिलं. भामा मामा झाली ती या सुधीरमुळे नाही की या पोरामुळे नाही.

‘राहू द्या,’ मी म्हणालो.

‘नक्को, नक्को. लास्ट एकदा बघून घेऊ.’ त्याला आता खेळाची गंमत यायला लागली होती. तो एकेका आकड्यावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागला. ‘नाइन. थ्री. नाइन. टू. हेच तर टाकलो मी.’

‘काय टाकलंत?’

‘नाइन थ्री नाइन टू. इथे लिहिलंय ना.’

मी डायरीत पाहिलं. १३१२.

‘तो एक आहे,’ मी म्हणालो.

‘कोण एक?’

‘हा. हा मराठीतला एक आहे. नऊ नाही.’

‘ये एक है?’ त्याने डायरी उलटी केली, परत सुलटी केली. ‘एक असं दिसतं? ये तो पक्का नऊ है, काका.’

तो पहिल्यांदा ‘काका’ म्हणाला. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एका परक्या माणसाला तोंडावर बोललो.

‘तुमच्या दादांच्या हातची कुठलीही चिठ्ठी काढून बघा,’ मी म्हणालो, ‘त्यांना विचारा एक कसा लिहितात. तुम्ही इंजिनिअर झालात, काचेच्या घरात बसलात, आणि घरातला एक तुम्हाला ओळखता येत नाही. एक! मोजायला तिथूनच सुरुवात करतात.’

माझा आवाज चढला होता. हिरवळीला पाणी घालणारा माळी वळून बघायला लागला. अनिरुद्धने डायरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, ‘दादा इंग्लिशमध्येच लिहिते, काका. पेपरातले कूपन वगैरे.’

मला एकदम माझीच किळस आली. पण घड्याळात पावणेचार वाजले होते आणि किळस करत बसायला वेळ नव्हता.

‘मग शुअर आहे ना?’ त्याने विचारलं. ‘वन थ्री वन टू? लास्ट चान्स आहे.’

इथे नेहमी माझं पाणी होतं. एक कोण, नऊ कोण, हे कळलं होतं. पण तेरा-बारा की बारा-तेरा? मी डोळे मिटले. सुलतान बाजारची गर्दी, काउंटरमागचा तो सुटलेल्या पोटाचा दुकानदार. काय म्हणाला होता तो हसत? ‘याद रखो साब. तेरा बारा. मेरा नईं, तेरा!’ किती भिकार विनोद, असं मला तेव्हा वाटलं होतं. मी हसलोसुद्धा नव्हतो. बारा-तेरा असता तर त्या विनोदाला अर्थच नव्हता.

‘हो,’ मी म्हणालो. एकदाच. ‘शुअर आहे.’

चार कळा वाजल्या. चौकट गेली. कार्डावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

‘लग गया!’ अनिरुद्ध ओरडला, जसं काही सगळं त्यानेच केलं होतं.

मेलचं पान उघडायला सहा मिनिटं लागली. एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती, म्हशीने रस्ता ओलांडावा तशी. मराठी टाइप करायची सोय त्या लॅपटॉपवर नव्हती. मी एका बोटाने रोमनमध्ये लिहिलं: पान तीन, मामास नाही, भामास, भ, भाकरीचा भ. अनिरुद्ध खांद्यावरून वाचत होता. रोमन अक्षरांतली मराठी त्याला फटाफट वाचता येत होती.

‘भामा कौन?’

‘माझी बायको.’

‘और मामा?’

‘कुणी नाही.’

‘मामाला बुक मिळत होती मग फुकटमध्ये,’ तो म्हणाला. मला हसू आलं. ते मी दाबलं, कारण या गोष्टीवर हसायची त्याची पात्रता नव्हती. माझीही नव्हती.

तीन वाजून चोपन्न मिनिटांनी मी मेल पाठवली. अनिरुद्धला कुणीतरी आतून हाक मारली. जाता जाता त्याने डायरीतल्या १३१२ वर बोट फिरवलं, वाट चुकलेल्याने गल्लीची खूण बघावी तसं, आणि गेला.

चारला दोन मिनिटं असताना सुधीरचं उत्तर आलं. तेही रोमनमध्ये. ‘केलं. पान तीन, भामास. बाकी काही?’

बाकी काही! साडेतीनशे पानं बाकी होती. ‘नक्को’चे क. ‘परेशान’ला दिलेली ती लंगडी व्याख्या. शेहेचाळिसाव्या पानावरचा तो शब्द, जो मी तेलुगूतून आला असं लिहिलं होतं आणि जो कदाचित कानडीतून आला असेल. प्रस्तावनेतलं एक पूर्ण वाक्य, जे तिसऱ्याच कुणाचं वाटायचं. भामा म्हणायची, तुमचं ‘किंवा’ संपेपर्यंत माझी पोळी जळते.

हिरवा दिवा लुकलुकत होता. मी ‘काही नाही’ असं लिहिलं, आणि पुन्हा वाचून बघायच्या आत पाठवून दिलं.