माझे स्टिअरिंग उघडले तो दिवस

मित्रांनो, माझ्या टपावरची पाटी आता उतरवली आहे, नाहीतर तुम्हाला लांबूनच कळले असते की मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. माझे वय झाले आहे. पुढचे तोंड चेपले आहे. रंग उन्हाने इतका उडाला आहे की मूळचा कोणता होता हे मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण माझी कीव करू नका. माझ्यासारखे आयुष्य फार थोड्या गाड्यांच्या वाट्याला येते.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. यंत्रांच्या लांब हातांनी माझे पत्रे जोडले आणि माणसांच्या हातांनी माझ्या तारा ओवल्या. शेवटी स्टिअरिंगच्या पोटात एक घट्ट घडी घातलेली पिशवी बसवली. ती माझी एअरबॅग; तिची जुळी बहीण शेजारच्या सीटसमोर. समोरून जोराची धडक बसली की डोळ्याचे पाते लवण्याआधी तिने फुगायचे आणि चालवणाऱ्याचे डोके, छाती अलगद झेलायची, असे तिचे काम. शोरूममधला विक्रेता प्रत्येक गिऱ्हाइकाला स्टिअरिंगवर थाप मारून सांगे, "ही आहे ना, मग काही काळजी नाही." ते ऐकून माझी मान ताठ होई.

मला घेतले ताईंनी. त्या नव्या माणसांना गाडी शिकवत. त्यांनी शेजारच्या सीटसमोर आणखी एक ब्रेक आणि क्लच बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. काय एकेक विद्यार्थी येत! एक शिंपी गिअर बदलताना डोळे मिटून घेई. एक कॉलेजातल्या प्राध्यापिका रस्त्याकडेच्या प्रत्येक खांबाला "सॉरी हं" म्हणत. शिकणारा माणूस स्टिअरिंग फार फिरवतो, गरज असो वा नसो. घरगुती गाडी आठवडाभरात जितकी वळणे घेत नसेल, तितकी मी एका सकाळी मैदानात घेत असे. सगळे धडे पाठ झाले की विद्यार्थी माझ्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढत. त्या फोटोंत मी नेहमी मधोमध असे.

मग एक दिवस ताईंच्या सासूबाईच विद्यार्थी म्हणून आल्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, म्हणून अख्खी गल्ली त्यांना ऑपरेटरबाई म्हणे. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी आवाज अजून घंटेसारखा खणखणीत होता.

"सूनबाई, मला गाडी शिकव," त्या म्हणाल्या.

"आई, खरंच म्हणताय?"

"जन्मभर लोकांची लोकांशी गाठ घालून दिली. आता मला स्वतः उठून माणसं भेटायला जायचंय. रिक्षावाल्याच्या मर्जीनं नाही, माझ्या मर्जीनं."

धडे सुरू झाले. "आई, क्लच हळू सोडा," ताई सांगत. "मी हळूच सोडतेय, गाडीच उड्या मारतेय," असे उत्तर येई. "आई, आरशात बघा," म्हटले की "बघितलं, केस ठीक आहेत." दोघी हसत सुटत आणि मी मैदानभर आचके खात फिरे. तेवढे मजेचे दिवस मी पूर्वी पाहिले नव्हते.

याच सुमारास माझ्या डॅशबोर्डवरच्या काट्यांजवळ एक लाल दिवा लागू-विझू लागला. ताई हयगय करणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी मला लगेच सर्व्हिस सेंटरला नेले. तिथल्या मॅनेजरने एक यंत्र जोडले, बटण दाबले, दिवा विझवला आणि म्हणाला, "एअरबॅगचा दिवा आहे. लागतो कधी कधी. गाडी बिनधास्त चालवा." मला वाचा असती तर मी बोलले असते.

थोड्याच दिवसांनी ती सकाळ आली. ऑपरेटरबाई मला मैदानाच्या फाटकातून बाहेर काढत होत्या. वेग माणसाच्या चालीइतका. समोर कोणी नाही, खाली खड्डा नाही. त्यांनी वळणासाठी स्टिअरिंग पूर्ण फिरवले आणि माझ्या छातीत स्फोट झाला.

पांढरी धूळ आणि जळका वास सगळीकडे भरला. ताईंनी पाय आपटून ब्रेक दाबला. धूळ खाली बसली तेव्हा ऑपरेटरबाईंचा चष्मा वाकडा होऊन गालावर लोंबत होता, नाकातून रक्त येत होते आणि दोन्ही मनगटे भाजली होती. ज्या पिशवीने त्यांना वाचवायचे, तिनेच त्यांना जखमी केले होते.

"आई! माझ्याकडे बघा. आई!"

"ओरडू नकोस गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "नाहीतर ओरड. मला काही ऐकूच येत नाहीये."

जखमा भरू लागल्या, पण लोकांच्या जिभा सुटल्या. सुनेने सासूला त्या वयात स्टिअरिंगवर बसवलेच कशाला, असे एकजण म्हणे. जिला आपली सासू सांभाळता येत नाही ती आमच्या मुलींना काय शिकवणार, असे दुसरा म्हणे. विद्यार्थी एकेक करून गळाले. ताईंचा नवरा स्वभावाने गरीब. तोही कंटाळून म्हणाला, "विकून टाकू ही गाडी. नसती पीडा." मी अंगणात उभी राहून सगळे ऐकत होते.

ताई आणि ऑपरेटरबाई मला दुसऱ्या गाडीला बांधून पुन्हा सर्व्हिस सेंटरला घेऊन गेल्या. मॅनेजर खुर्चीतून उठलाही नाही.

"एअरबॅग अशी उगाच फुटत नसते. आजींनी कुठंतरी ठोकली असणार. वयामुळे लक्षात राहत नाही माणसाच्या."

"अस्सं?" ऑपरेटरबाई म्हणाल्या. "मग बाहेर या आणि बंपरवरचा ओरखडा मला दाखवा."

मॅनेजर आला. तो माझ्याभोवती फिरला, वाकला, उकिडवा बसला. माझा पुढचा बंपर आरशासारखा होता. त्या बंपरचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा शोरूममध्येसुद्धा वाटला नव्हता. शेवटी तो गुडघे झटकत म्हणाला, "मग खालून काहीतरी लागलं असेल. आमच्या गाडीत दोष नाही. हवी तर नवी एअरबॅग बसवून देतो आणि विषय संपवतो."

"आणि ती पुन्हा फुटली तर?" ताईंनी विचारले. "का फुटली ते कळल्याशिवाय मी या गाडीत कुणालाही बसवणार नाही. स्टिअरिंग उघडून दाखवा."

तो कबूल झाला नाही. मला पुन्हा अंगणात आणून उभे केले. माझ्यावर धूळ साचली. मांजरे बॉनेटवर झोपू लागली. चाकांतली हवा उतरली. मित्रांनो, ज्या गाडीवर कोणाचा विश्वास उरलेला नाही, तिला पत्र्याचे खोके म्हणावे हेच बरे. मी तसेच समजून चालले होते.

पण घरात वेगळेच चालले होते. मनगटांना पट्ट्या बांधून ऑपरेटरबाई खिडकीपाशी फोन घेऊन बसल्या होत्या. शहरातली ड्रायव्हिंग स्कूल, टॅक्सीवाले, गॅरेजवाले, त्यांच्या ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे! त्या तक्रारीने सुरुवात करत नसत. "नमस्कार, तुमची गाडी बरी आहे ना?" एवढेच विचारत. पुढचे लोक आपण होऊन सांगत. एका टॅक्सीवाल्याचा लाल दिवा महिनोन्‌महिने जळत होता. दाताच्या एका डॉक्टरांची एअरबॅग गाडी मागे घेताना फुटली होती. भांड्यांच्या एका दुकानदाराची कथा उलटीच होती. त्याची गाडी भिंतीवर आदळली, आणि एअरबॅग उघडलीच नाही. तो मानेला पट्टा लावून हिंडत होता. सगळ्या गाड्या माझ्याच जातीच्या, माझ्याच कारखान्यातल्या. आणि प्रत्येकाला हेच सांगितले गेले होते की चूक तुमची आहे.

ताई शेजारी बसून ऐकत होत्या. अचानक त्या म्हणाल्या, "आई, ज्यांची फुटली त्यांना एकच विचारा. फुटली तेव्हा गाडी सरळ होती की वळत होती?"

ऑपरेटरबाईंनी पुन्हा फोन फिरवले. सगळ्यांचे उत्तर एकच आले. वळत होती. स्टिअरिंग पूर्ण फिरवले होते.

"म्हणजे गोम स्टिअरिंगच्या आतच आहे," ताई म्हणाल्या.

"मग चला, सगळे मिळून उघडायला लावू," ऑपरेटरबाई म्हणाल्या आणि त्यांनी थेट कंपनीच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथे त्यांना एकाकडून दुसऱ्याकडे पाठवू लागले. पण फोनवर माणसे फिरवण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना कोण फिरवणार? दिवस मावळायच्या आत कंपनीच्या मोठ्या साहेबांनी इंजिनियर पाठवायचे कबूल केले.

तो दिवस मी कधी विसरणार नाही. सर्व्हिस सेंटरच्या आवारात आम्ही सगळ्या बहिणी ओळीने उभ्या होतो. टॅक्सी होती, डॉक्टरांची होती, दुकानदाराची पुढून चेपलेली होती, आणखीही बऱ्याच होत्या. मला दोरीने ओढत आणले होते. मॅनेजर कपाळाचा घाम पुसत "गर्दी कशाला, गर्दी कशाला" करत होता. तेवढ्यात इंजिनियर आला. शांत माणूस. त्याने आधी सगळ्यांचे ऐकून घेतले.

"साहेब, आमच्या समोर उघडा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "एवढंच मागणं आहे."

"उघडतो," तो म्हणाला.

त्याने माझी बॅटरी सोडवली, थोडा वेळ थांबला, मग स्टिअरिंगचे झाकण अलगद काढले. सगळ्या माना पुढे झाल्या. आत बारीक तारा होत्या आणि त्यांना लागून पत्र्याची एक धारदार कड. स्टिअरिंग फिरेल तशी तार त्या कडेवर घासत होती. घासून घासून तिचे वेष्टण गेले होते आणि आतले तांबे उघडे पडून चकाकत होते. ते तांबे पत्र्याला टेकले की धडकेशिवायच एअरबॅगला वीज मिळत होती.

इंजिनियरने टॉर्च लावून ती जागा नीट पाहिली. त्याने डॉक्टरांची गाडी उघडली. तीच जागा, तेच तांबे. मग दुकानदाराची उघडली. तिथे तार पार तुटली होती, म्हणून धडक बसूनही एअरबॅगपर्यंत निरोप पोचलाच नव्हता.

तो उठून उभा राहिला. मॅनेजरने त्याच्या कानाशी लागून काही सांगायचा प्रयत्न केला, पण त्याने हाताने त्याला बाजूला केले.

"दोष आमचा आहे," तो म्हणाला. "तुमच्यापैकी कुणाचीही चूक नव्हती."

ऑपरेटरबाईंनी हाताचा पंजा कानामागे धरला.

"जरा मोठ्यानं सांगा हो. मला अजून एका कानानं कमी ऐकू येतं."

"दोष आमचा आहे, आजी!" इंजिनियर खरोखर मोठ्याने म्हणाला आणि हसला. मग काय विचारता! लोकांनी टाळ्या वाजवल्या, दुकानदार मानेचा पट्टा विसरून मान उडवू लागला आणि टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्याच्यामागून सगळ्या गाड्या वाजू लागल्या. ज्यांची स्टिअरिंग उघडली होती त्या आम्ही तेवढ्या मुक्या होतो. पण आमच्याइतके खूष तिथे दुसरे कोणी नव्हते. ताईंनी सासूबाईंना मिठी मारली आणि मग त्या रडल्या. स्फोटाच्या दिवसापासून त्या रडल्या नव्हत्या.

कंपनीने आमच्या जातीच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. ती कड घासून बोथट केली, तारांना जाड आवरण चढवले, नव्या एअरबॅगा बसवल्या. ताईंचे विद्यार्थी परतले, आणि ज्यांनी नावे ठेवली होती त्यांनीही आपल्या मुलींना पाठवले.

सगळ्यांत अवघड काम ऑपरेटरबाईंपुढे होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. ताई शेजारी बसल्या आणि त्यांनी आपला बेल्ट लावला. मग ऑपरेटरबाईंनी पुन्हा स्टिअरिंग धरले आणि किल्ली फिरवली. त्याच वर्षी त्यांनी लायसन्स मिळवले, तेही पहिल्याच परीक्षेत.

पुढे बरीच वर्षे त्या मला चालवत राहिल्या. आणि मग माझ्या आयुष्यातली खरी धडक आली. भर दुपारी एका चौकात सिग्नल तोडून एक टेम्पो आमच्या समोर घुसला. ऑपरेटरबाईंनी ब्रेक दाबला, पण अंतर उरले नव्हते. माझे तोंड आत गेले, काचा उडाल्या. आणि त्याच क्षणी माझ्या दोन्ही एअरबॅगा उघडल्या. वेळेवर. जेवढ्या उघडायच्या तेवढ्या. लोक धावत आले तेव्हा एका दारातून ताई उतरल्या, दुसऱ्या दारातून ऑपरेटरबाई. दोघी आपल्या पायांनी.

ऑपरेटरबाईंनी आधी सुनेला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिले. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि चेपलेल्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "शाबास गं पोरी."

मी पुन्हा रस्त्यावर धावू शकले नाही. आता मी मैदानाच्या कडेला उभी असते. नवे विद्यार्थी माझ्यात बसून बेल्ट लावायला आणि गिअर टाकायला शिकतात. कधी कधी रस्त्याची आठवण येते, नाही असे नाही. पण मी ज्यासाठी जन्मले ते काम मी केले आहे.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही फार तर एखादी खूण करतो. ती खूण नुसती पुसून टाकू नका. आणि कोणी कळवळून सांगत असेल की माझी चूक नव्हती, तर त्याचे वय, त्याचे शिक्षण पाहत बसू नका. आधी त्याचे ऐका आणि मग झाकण उघडून बघा. कोण जाणे, त्यामुळे कितीतरी घरांतली रस्त्यावरून जाणारी माणसे संध्याकाळी आपल्या पायांनी घरी परततील.