बिननावाचे फोड

पाठ टेकून निजायचं सुख नस्सूनाला पारखं झालं होतं, त्याला आता दुसरं वर्ष सरत आलं होतं. सकाळी उठावं तर अंगातला झगा पाठीला चिकटलेला असे. तो ओढायचा नाही, कोमट पाण्यानं भिजवत भिजवत सोडवायचा, हे ती रडत रडत शिकली होती. मग केळीचं कोवळं पान विस्तवावर धरून मऊ करायचं, गार होऊ द्यायचं आणि त्यावर अलगद आडवं व्हायचं. अंगाला लागलेलं सोसेल असं जगात आता एवढंच उरलं होतं.

दुखणं सुरू झालं तोंडापासून. कुणाच्याशा लग्नात तिनं शेंगदाण्याचं कालवण कढत कढतच खाल्लं आणि टाळूला फोड आला. भाजलं असेल म्हणून तिनं सोडून दिलं. फोड फुटला, पण तोंड काही भरून येईना. पुढं छातीवर, काखेत, पाठीवर पाण्यानं टंच भरलेले फोड उठायला लागले. जरा धक्का लागला की फुटत आणि खालचं लालभडक मांस उघडं पडे.

गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं नायटा म्हणून मलम दिलं. दुसऱ्या एकानं खाण्यातलं काहीतरी बाधलं म्हणून मासे बंद केले, अंडी बंद केली. तिसऱ्यानं गोळ्या दिल्या. त्या मात्र लागू पडल्या. अंग सुकलं, पण तोंड भोपळ्यासारखं सुजलं, रक्तातली साखर चढली, आणि गोळ्या कमी केल्यावर फोड पुन्हा हजर. झाडपाल्यावाला म्हणाला, कुणीतरी केलंय. त्यानं घातलेल्या पाल्याच्या अंघोळीनं नस्सूनाची किंकाळी थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेली होती.

गावाचं निदान कधीच झालं होतं. रक्तातून, अंगसंगातून लागणाऱ्या ज्या रोगानं मसाका शहराकडची घरंच्या घरं बसली, तोच हा, दुसरं काय! तिनं रक्त तपासून घेतलं, एकदा सोडून अनेकदा. रक्त स्वच्छ निघालं. पण रक्त कुणाला दिसतं? फोड दिसतात. त्यातून गुडघ्यांवरही फोड आले. मोठ्या माणसांपुढं गुडघे टेकून नमस्कार करणं तिला जमेना, तशी बायका म्हणायला लागल्या, "बघा, अंग सडतंय तरी मिजास जात नाही."

शेवटी मसाकातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या कातडीचा तुकडा काढून कंपालाला पाठवला. उत्तर आलं, नक्की काही सांगता येत नाही. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजी, खरं सांगू? हे काय आहे ते मला कळत नाही."

"नाव कळलं असतं ना बाई," नस्सूना म्हणाली, "तर निदान नाव घेऊन शिव्या तरी घातल्या असत्या."

बाई हसल्या नाहीत. नस्सूनाच हसली, आणि ओठ फाटून रक्त आलं.

अशातच तिच्या भाचीचं, नांक्याचं, लग्न ठरलं.

या बुगांडा मुलखात पोर जन्मते आईच्या पोटी, पण तिला बाई करते बापाची बहीण. नवऱ्याशी कसं वागायचं, कुठं नमायचं आणि कुठं अजिबात नमायचं नाही, हे सगळं आत्यानं सांगायचं. आणि मागणीच्या दिवशी भरल्या मांडवात शिरून, पाहुण्यांच्या गर्दीतून नवरदेव हुडकून, हाताला धरून घरच्यांपुढं आणायचा तोही आत्यानंच. नस्सूनाला स्वतःचं मूल नव्हतं. नवऱ्यानं सोडल्यापासून ती भावाच्याच केळीच्या बागेत, पलीकडच्या टोकाला राहायची. नांक्या तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती.

मागणीच्या आधी नांक्याचा बाप, धाकटा भाऊ मुबीरू आला. आत नाही आला, दारातच टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"अक्का, बरंय ना?"

"बरं काय असायचंय. बस."

"नको, घाई आहे. म्हटलं... नवऱ्यामुलाची, लुतायाची माणसं कंपालाची. शिकलेली. त्यांना आपलं... तुलाच त्रास होईल बघ. उन्हात उभं राहायचं, बोलायचं. म्हणून नांक्याची आई म्हणत होती, की..."

"चुलतघरच्या बहिणीला उभी करा," नस्सूना म्हणाली. त्याच्या तोंडून ते वाक्य पुरं ऐकायची तिची तयारी नव्हती. "ती गोरीगोमटी आहे. बोलतेही खणखणीत."

"राग नाही ना आला?"

"जा रे. मला पान शेकायचंय."

तो गेल्यावर तिनं पान शेकायला घेतलं आणि ते जळून कोळसा झालं तरी तिला भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नांक्या तरातरा आली. चपलासुद्धा न काढता आत शिरली.

"आत्या, तू नाही म्हणालीस?"

"हो."

"मग मीही नाही म्हणते. सांग बाबांना, मांडव सोडा आणि मुलाकडच्या शेळ्या परत पाठवा."

"अजून आल्या कुठं शेळ्या?"

"येतील तेव्हा पाठवा!"

नस्सूनाला हसू आलं. हसताना तोंड दुखतं म्हणून तिनं हातानं ओठ दाबून धरले. "पोरी, अंगावर कापड टेकत नाही माझ्या. सणाची गोमेसी नेसायची म्हणजे तो कमरेचा रुंद पट्टा करकचून बांधायचा. मेले तरी जमायचं नाही."

"सैल बांध. पोटात जुळी असल्यासारखी दिसशील."

"आणि लोक?"

"लोकांना जेवायला बोलावलंय," नांक्या म्हणाली. "तुझ्या अंगाची चौकशी करायला नाही." आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "दुसऱ्या कुणाच्या हातून मला द्यायचं नाही, आत्या."

त्यापुढं नस्सूनाचं काही चाललं नाही.

मागणीच्या दिवशी नांक्यानंच तिला तयार केलं. जुन्या मऊ कापडाचं आतून अस्तर, फोडांवर तुपासारखं मलम, वर निळी गोमेसी, पट्टा नावापुरता. भावजय लेओकादिया दारात आली, म्हणाली, "वन्सं, लांब बाह्या खाली ओढून घ्या जरा," आणि गेली. मांडवात नस्सूना बसली तशा शेजारच्या बायका नकळत सरकल्या. तिच्या दोन्ही बाजूंना चटई रिकामी राहिली.

तिची वेळ आली. ऊन रणरणत होतं. पट्ट्याखाली काहीतरी फुटलं आणि ओल पसरली, ते तिला कळलं. ती पाहुण्यांच्या मांडवाकडं चालत गेली. मुलाकडचा बोलका म्हातारा ओरडला, "अरे वा, आत्याबाई आल्या! पण मुक्या आहेत की काय?"

"मुकी नाही," नस्सूना कशीबशी म्हणाली. "एवढ्या कुरूप माणसांत सुंदर नवरदेव कुठं लपवलाय, ते बघते आहे."

मांडव खो खो हसला. आवाज घोगरा, पण जीभ जुनीच होती. ती रांगेतून फिरली, एकदोघांपुढं थांबून नाक मुरडलं, त्यांना हसवलं, आणि मग लुतायापुढं उभी राहिली. चांगला मुलगा होता. उंच, लाजरा, पांढऱ्याशुभ्र झग्यावर काळा कोट. तिनं हात पुढं केला.

बाही वर सरकली. मनगटापासून तळव्यापर्यंत सोललेलं लाल मांस उन्हात चकाकलं.

लुतायाचा हात अर्ध्यावर आला होता. तो मागं गेला. विचार करून नाही गेला. विस्तवाजवळून जावा तसा आपसूक गेला. त्याच्या चेहऱ्यावर लगेच शरम आली आणि तो पुन्हा हात पुढं करणार, एवढ्यात नस्सूनानं आपला हात खाली घेतला.

"हात राखून ठेवा, जावईबापू," ती मोठ्यानं म्हणाली. "पुढं बायकोला लागतील. माझ्या फक्त पाठोपाठ या."

पुन्हा हशा झाला. ढोल वाजला. ती पुढं आणि तो मागं, असे दोघं घरच्यांपुढं आले. मागून त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर नांक्या तिच्या घरी आली. दोघींनी मिळून गोमेसी भिजवून सोडवली.

"आत्या, त्यानं हात मागं घेतला ना?"

नस्सूना भिंतीकडं तोंड करून बसली होती. नवरा कसा ओळखावा, हे तिनंच पोरीला शिकवलं होतं. आता पोर तिलाच विचारत होती. खरं सांगितलं तर ही आत्ता जाऊन आज बोटात आलेली अंगठी फेकून देईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि त्या पोराचा गुन्हा तरी काय? सख्खा भाऊ दारातून आत आला नव्हता.

"नाही गं," ती म्हणाली. "मीच दिला नाही. दुखत होता."

"खरं?"

"खरं. भला आहे तो. पाणी घाल पाठीवर."

नांक्यानं विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, कोण जाणे. चर्चमधलं लग्न झालं आणि ती कंपालाला गेली. नस्सूना त्या लग्नाला गेली नाही; तोवर तिच्या पापण्यांच्या कडांवरही फोड आले होते. नांक्यानं एकदा तिला कंपालाला नेऊन नव्या डॉक्टरांना दाखवलं. पुन्हा तुकडा काढला, पुन्हा गोळ्या मिळाल्या. त्यांनी काही महिने बरे गेले. नाव मात्र याही वेळी आलं नाही.

पावसाळ्यात फोड परतले, तेव्हा नस्सूनाला उठून पान तोडायचंही बळ राहिलं नव्हतं. एका सकाळी दार वाजलं. लेओकादिया होती. हातात गार पेजेचं भांडं. ती आत आली, इकडंतिकडं पाहिलं, पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या.

"नांक्या म्हणाली म्हणून आले, असं समजू नका," ती म्हणाली. "आपणहून आलेय. यायला उशीर केला, तेवढं बोलू नका."

"बोलायला तोंड कुठं आहे," नस्सूना म्हणाली.

लेओकादियानं तिच्या खांद्याखाली हात घातला. पहिल्यांदाच घातला म्हणून चुकीच्या जागी घातला, आणि कातडी सुटून तिच्या बोटांना चिकटली. नस्सूना कळवळली. लेओकादियाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण तिनं हात काढला नाही.

"कुठं धरू, वन्सं? सांगा ना, कुठं धरू?"

नस्सूनाच्या अंगावर अशी जागा फारशी उरली नव्हती.

"मानेमागं धर," ती म्हणाली. "हळू."