आमदारांची आणेवारी

जाईबाईनं ओटी सकाळपासून दुसऱ्यांदा सारवायला घेतली, तेव्हा चंद्राबाईनं तिच्या हातून शेणाची पाटी काढून घेतली.

"पयलंच वाळंना झालंय. सायब काय हितं लोळायला येणार हाय?"

जाईबाईनं हात धुतले, रस्त्यापर्यंत जाऊन आली. वेल्ह्याकडून येणारी जीप दिसत नव्हती. परत येऊन तिनं चुलीवरचं चहाचं भगुणं उगाच हलवलं, पुन्हा रस्त्यावर गेली. एरवी सगळ्या मार्गासनी गावाला बोलण्यात गार करणारी बाई, पण आज एका जागी ठरत नव्हती.

चंद्राबाईचा भाऊ सर्जेराव आठ दिवसांपूर्वी वेल्ह्याहून येऊन सांगून गेला होता. पानशेतकडे एक बिजवर बघितलाय, विधवा बहिणीचा पाट लावून द्यायचा. चंद्राबाई नको म्हणाली, तर त्यानं गावच्या चार जाणत्यांना गाठलं. जाणत्यांनी आपल्या अंगावर काही घेतलं नाही. निवडणूक तोंडावर आलीय, मतं मागायला आमदार येतीलच, ते म्हणतील तसं, असं ठरवून मंडळी मोकळी झाली. दोन बायकांनी एका घरात का राहावं, हा प्रश्न आता विधानसभेच्या माणसाकडे गेला होता.

अकरा वर्षांमागं चंद्राबाई भाताच्या लावणीला म्हणून रोजानं आली. लावणी संपली, बाकीच्या बाया गेल्या, ही राहिली. जाईबाईची नवऱ्यामागची दोन खाचरं, एक म्हैस, आणि तेव्हापासून या दोघी.

मतं मागणाऱ्यांची परीक्षा त्या दोघी कधीपासून घेत होत्या. पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलंय ते सरकारी माणसं दरसाल बांधावर उभं राहून ठरवतात, तशी जाईबाई आमदारकीच्या उमेदवारांची आणेवारी काढायची. ओटीवर टेकला, दोन आणे. दिलेलं पाणी प्यायला, आणखी दोन. दोघींशी बोलला तर चार. 'घरात कुणी माणूस न्हाई का?' असं विचारलं की होते तेवढे आणे खलास. मागच्या निवडणुकीत एकानं दारात उभं राहून हेच विचारलं होतं.

"आमी दोघी काय म्हशी दिसतो का?" जाईबाई त्याला म्हणाली होती.

सहा आण्यांच्या वर आजवर कुणी गेलं नव्हतं. आपला मतदारसंघ कायमचा दुष्काळी, असं चंद्राबाई म्हणायची आणि दोघी हसायच्या.

दुपार कलल्यावर जीप आली. आमदारसाहेब उतरले, मागून सर्जेराव आणि गावची मंडळी. साहेबांनी पायताण काढलं, सरळ ओटीवर येऊन बसले. पाणी प्याले. गुळाचा चहा बशीत ओतून चवीनं प्याले.

"दोघींनी घर लख्ख ठेवलंय हो," ते म्हणाले. "खाचरं कोण बघतं? दोघीच? शाबास."

दाराआड उभ्या चंद्राबाईनं जाईबाईला बोटं दाखवली. आठ. मग दहा. मग दहावर आणखी दोन, आणि तोंडाला पदर लावला. जाईबाईलाही क्षणभर वाटलं, हा माणूस वेगळा दिसतोय.

सर्जेरावनं घसा साफ केला. "सायेब, ती आमची भैन. हितं परक्याच्या घरात ऱ्हाती. लोक नावं ठिवत्यात. मला माघारी न्ह्यायचीय."

साहेबांनी जाईबाईकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"बाई, ही तुमची कोण?"

आठ दिवस जाईबाई याच प्रश्नाचं उत्तर घोकत होती. मानलेली बहीण म्हणावं, तर सख्खा भाऊ समोर उभा. मैत्रीण म्हणावं, तर मैत्रिणीसाठी पाट कोण मोडणार? खरं काय ते म्हणावं, तर त्याला नाव काय? ओटीवरची सगळी माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कामाला हाय," ती म्हणाली. "सालानं ठिवलीय. उचल दिलीय म्या तिला."

"मग झालं तर," साहेब उठले. "कष्ट करून खाते. सर्जेराव, पुढं लावणी आहे, बाईनं ऐन हंगामाला दुसरं माणूस कुठून आणायचं? साल भरू दे तिचं."

मंडळी हसली. सर्जेराव आपलं पायताण शोधू लागला. दरसाल साल नव्यानं बांधता येतं, हे त्यालाही कळत होतं. जीप धुरळा उडवत गेली.

जाईबाईनं साहेबांची बशी उचलली. सुटले, असं तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. तिनं दाराकडे पाहिलं. चंद्राबाई तिथं नव्हती. परड्यात जाऊन ती म्हशीला वैरण टाकत होती.

दिवेलागणीला तिनं जाईबाईचं ताट चुलीपाशी वाढलं, आणि आपलं घेऊन उंबऱ्याशी जाऊन बसली. लावणीच्या बाया बसतात तिथं.

"चंद्रे, हिकडं ये."

"हितंच बरी हाय मी."

"तुला ठिवून घ्यायला बोलले ना मी?"

"व्हय. ऱ्हायले की."

जाईबाईनं आपलं ताट बाजूला सारलं. "सायब आज भोरला मुक्कामाला हायेत. सकाळच्या येष्टीनं जाते. सांगते, खोटं बोलले."

"आन मग? दादा न्हेईल मला." चंद्राबाईनं भाकरी मोडली. "त्यांना नको सांगूस. मला सांग."

जाईबाई उठून उंबऱ्याशी आली, भिंतीला टेकून बसली.

"तू जेव आदी," एवढंच म्हणाली.

चंद्राबाई खाली मान घालून जेवली. ताट घासायला उठली, तेव्हा जाईबाईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. त्याच ताटात स्वतःला भाकरी घेतली, कालवण वाढून घेतलं, आणि उंबऱ्यावर जेवायला बसली.

"अगं, उष्टं हाय माजं," चंद्राबाई म्हणाली. "असं बायका घरधन्याच्या ताटात जेवत्यात."

"ठावं हाय मला."

रस्त्यानं शेजारची ठकुबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती थांबली, घागर सावरत आत बघत राहिली.

"दार लोटू का?" चंद्राबाईनं हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ दे उगडं," जाईबाई म्हणाली, आणि तिनं दुसरा घास मोडला.