भेटीची वेळ

बाईंनी धुतलेल्या चादरीचा कोपरा गादीखाली घट्ट दुमडला, तळहाताने सुरकुती मोडली आणि मान वर न करता विचारलं, "वहिनी बरी आहे का आता?"

"बरी कसली," दारात उभा असलेला दादा म्हणाला. "मणक्याचं ऑपरेशन आहे. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. त्यात आई परवा बाथरूममध्ये पुन्हा पडली. एकीला उठवायला जावं तर दुसरी हाक मारते."

"लागलं तिला?"

"कोपर सुजलंय. पुढच्या वेळी कोपरावर भागेलच असं नाही."

बाईंनी उशीला अभ्रा चढवायला घेतला. ही खाट मागच्या आठवड्यात रिकामी झाली होती. दादाने खाटेकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा खाटेकडे. तो काय बोलणार हे तो फाटकातून आत आला तेव्हाच त्यांना कळलं होतं.

"परक्यांच्या आईवडिलांना सांभाळतेस," तो म्हणाला. "आपल्या आईला नाही म्हणशील?"

"नाही कुठे म्हटलं?"

"हो तरी कुठे म्हणालीस?"

हॉस्पिटलातली नोकरी संपल्यावर बाईंनी आपल्या बंगल्याच्या तळमजल्यावर खाटा टाकल्या होत्या. सहा-सात म्हातारी माणसं, दोन मदतनीस बायका, एक स्वयंपाकीण. त्या स्वतः वरच्या मजल्यावर राहत, म्हणजे झोपायला तेवढ्या वर जात. घरात सगळे त्यांना बाई म्हणत, आणि चौकशीला येणारे नातेवाईकही दुसऱ्या वाक्यापासून तेच म्हणू लागत.

या नातेवाइकांना काय सांगायचं ते आता ठरून गेलं होतं. घर लहान आहे, त्यामुळे कुणाला दार उघडं लागतं, कुणाला दिवा लावून झोप येत नाही, हे रोज विचारावं लागत नाही. खाली कुणी खोकलं तर वर ऐकू येतं. मग दुसरी बाजूही त्या सांगत, कारण लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. इथे चोवीस तास नर्स नाही, डॉक्टर बोलावल्यावर येतात, लिफ्ट नाही, आणि एकाचं बिनसलं की सगळ्या घराचं तोंड वाकडं होतं. "शहराच्या त्या टोकाला मोठा वृद्धाश्रम आहे, तिथे हे सगळं मिळेल," त्या म्हणत. "फक्त तिथे माणसाला खोलीच्या नंबरानं ओळखतात." हे वाक्य त्या शेवटी ठेवत. त्यावर बहुतेक जण मान डोलावत.

एक गोष्ट मात्र त्या कुणाला सांगत नसत. लहान घरात एक माणूस गेलं की जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची सगळ्यांना दिसत राहते.

"मलाही ते भाषण देणार आहेस का?" दादाने विचारलं. "लहान घर, मोठं घर?"

"तुला पाठ आहे."

"पाठ असायलाच हवं. किती जणांना मीच पाठवलंय तुझ्याकडे." तो जरासा हसला. बाई हसल्या नाहीत.

"एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "इथे ती सगळ्यांसारखी राहील. माझी आई म्हणून नाही."

"तेवढं तिला कळतं," दादा म्हणाला, आणि डोक्यावरची गोणी उतरवल्यासारखा खाटेच्या कडेला टेकला. नुकती ताणलेली चादर पुन्हा चुरगळली.

आई आली ती एक बॅग आणि चालायची काठी घेऊन. उमेदीची सगळी वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दोन माणसांना जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, ही तिची सवय नोकरी सुटली तरी सुटली नव्हती. तिच्या खोलीत विणकाम करणाऱ्या एक आजी होत्या, त्यांना सतत बोलायला लागे. आईला ऐकायला आवडे. पहिल्या दोन दिवसांतच त्यांचं असं जमलं की मदतनीस बायका त्या खोलीला रेडिओ म्हणू लागल्या.

अडचण वेगळ्याच बाजूने आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी हेडमास्तर काठी टेकत आईच्या खोलीच्या दारात थांबले. निवृत्त होऊन त्यांना एक जमाना झाला होता, पण तपासणीला निघाल्यासारखे ते रोज घरभर एक फेरी मारत.

"तुमच्या आईंची उशी जरा जाड दिसते," ते बाईंना म्हणाले. "नाही, सहज विचारलं."

उशी सगळ्यांसारखीच होती. तरी बाईंनी दुपारी ती बदलली, आणि त्या दिवसापासून त्यांचे हातच हिशेबाने चालू लागले. चहाची किटली टेबलाभोवती फिरून आईपाशी सगळ्यात शेवटी यायची. आंघोळीला गरम पाणी संपत आलं की उरलेल्यात आईची पाळी. घरचं माणूस आहे, थांबेल, असं कुणी बोलत नव्हतं, पण होत तसंच होतं. आई थांबायची. गार झालेला चहा ती तसाच प्यायची. चारचौघांत तीही लेकीला बाई म्हणू लागली. "बाई, माझी गोळी राहिली." पहिल्यांदा टेबलाशी सगळे हसले. पुढे त्यात कुणाला काही वाटेनासं झालं.

आई दादाकडे होती तेव्हा बाई रोज संध्याकाळी तिला फोन करत. बोलण्यात विशेष काही नसे. शेजारणीने काय केलं, नातवाने काय उलट उत्तर दिलं, रेडिओवर कुठलं जुनं गाणं लागलं. आई या घरात आल्यापासून तो फोन बंद झाला होता. एकाच छपराखाली असताना फोन कसला करायचा? आता आईचं ब्लडप्रेशर बाईंना तोंडपाठ होतं, ती काय खाते, किती झोपते, हेही ठाऊक होतं. बाकीचं काही कळत नव्हतं. दादा रविवारी येई, व्हरांड्यात आईशेजारी खुर्ची ओढून बसे, आणि दोरीवर कपडे वाळत घालताना बाईंना त्या दोघांचं हसणं तेवढं ऐकू येई.

अशाच एका दुपारी एक नवराबायको चौकशीला आली. नवऱ्याच्या वडिलांसाठी जागा हवी होती. बाईंनी खोल्या दाखवल्या, न्हाणीघरातले धरायचे दांडे दाखवले, दोन्ही बाजू सांगितल्या, शेवटचं वाक्यही सांगितलं. मग सुनेने विचारलं, "इथल्या कुणाशी बोललं तर चालेल?"

"बोला की," बाई म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

परत आल्या तेव्हा ती दोघं व्हरांड्यात आईपाशी बसली होती. ही बाईंची आई, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं आहे इथे," आई सांगत होती. "जिवाला जीव देणारी माणसं आहेत. पण एकटं बसावंसं वाटलं तर जागा नाही. आणि कुणी रुसलं की दोन दिवस सगळ्यांनी जपून बोलायचं. ते चालणार असेल तर आणा त्यांना."

"आणि त्या बाई?"

"बाई उत्तम. तक्रारीला जागा ठेवत नाहीत."

"तुम्हाला भेटायला येतं का कुणी?" सुनेने जरा अवघडून विचारलं.

"मुलगा येतो दर रविवारी."

"मुलगी नाही?"

"आहे ना," आई म्हणाली. "तिचं काम फार असतं. तिला नाही जमत यायला."

सुनेने समजूतदारपणे मान हलवली. आईने हे कुणाला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. बस किती वाजता सुटते हे सांगावं तसं सांगितलं होतं. बाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन पाण्याचे पेले ठेवले, आधी पाहुण्यांपुढे, मग आईपुढे.

"आणा मग वडिलांना," त्या नवराबायकोला म्हणाल्या. "काय ते कळवा."

त्या आठवड्यात त्यांनी मोठ्या वृद्धाश्रमाला फोन लावला. तिथल्या व्यवस्थापिका एके काळी त्यांच्याच वॉर्डात शिकाऊ नर्स होत्या.

"तुमच्या आई? आमच्याकडे?" व्यवस्थापिकांनी विचारलं. "तुमच्याकडे काही झालं का?"

"काही झालं नाही."

"मग?"

"तुमच्याकडे भेटीची वेळ काय असते?" बाईंनी विचारलं.

दादाने आधी कपाळाला हात लावला, मग आवाज चढवला. "लोक काय म्हणतील? खानावळवाल्यानंच घरच्यांना दुसऱ्याच्या खानावळीत जेवायला पाठवलं, असं म्हणतील. आणि खोटं नाही म्हणणार."

"म्हणू देत."

"तुझ्याच पोटावर पाय येईल."

"येईलही," बाई म्हणाल्या.

आईला सांगायला त्या दुपारी तिच्या खोलीत गेल्या. विणकामवाल्या आजी व्हरांड्यात होत्या. बाईंनी सवयीने पांघरुणाची घडी घालायला घेतली, मग ती तशीच ठेवली.

"इथे काय कमी आहे?" सगळं ऐकून आईने विचारलं.

"कमी काही नाही."

"मग कशाला हलवतेस मला? जमलंय आता माझं."

"दादा येतो तेव्हा तुम्ही बोलत बसता," बाई म्हणाल्या. "मी कपडे वाळत घालत असते."

आईने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दोरीवर टॉवेल होते, आणखी काही नव्हतं.

"तिकडे लिफ्ट आहे?" तिने विचारलं.

"आहे."

"बरं."

निघायच्या दिवशी विणकामवाल्या आजी खोलीतून बाहेर आल्याच नाहीत. "आता माझं ऐकायला कोण आहे?" एवढंच त्या म्हणाल्या आणि सुयांकडे बघत राहिल्या. पुढे कित्येक दिवस त्या खोलीतून आवाज आला नाही. हेडमास्तरांनी जेवताना घसा साफ करून विचारलं, "बाई, आमच्यात काही खोट निघाली का?" बाई नाही म्हणाल्या. त्यांचा विश्वास बसला नाही हे दिसत होतं. ती नवराबायको जवळजवळ ठरवून गेली होती, पण बाईंनी स्वतःच्याच आईला दुसरीकडे ठेवल्याचं त्यांच्या कानावर कुठून तरी गेलं. सुनेचा फोन आला. बाईंनी खरं ते सांगितलं. "कळवतो," सून म्हणाली, आणि काही कळवलं नाही. त्यानंतर चौकशीला येणाऱ्यांना दोन्ही बाजू सांगून झाल्या की बाई थांबत. मोठ्या वृद्धाश्रमाबद्दलचं ते वाक्य त्यांना आता बोलता येत नव्हतं. समोरचे आणखी काहीतरी येईल म्हणून वाट बघत, मग उठत.

ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, बाई शहराच्या त्या टोकाला गेल्या. स्वागताच्या टेबलाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "कोणाकडे?" त्यांनी आईचं नाव सांगितलं. मुलीने खोलीचा नंबर सांगितला. लांब कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता आणि सगळी दारं एकाच रंगाची होती. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बाईंनी आल्या आल्या खाटेखाली वाकून पाहिलं, बेल हाताच्या अंतरावर आहे का ते पाहिलं, मग आईचा हात हातात घेऊन बोटं पाहिली आणि तरातरा बाहेर गेल्या.

"नखं वाढलीत तिची," त्यांनी व्यवस्थापिकांना गाठून सांगितलं. "आणि खिडकी बंद का असते? तिला मोकळी हवा लागते."

"बघते हं मी," व्यवस्थापिका शांतपणे म्हणाल्या. असं कुठल्या सुरात म्हणायचं असतं ते बाईंना चांगलं माहीत होतं. त्या खोलीत परतल्या.

"भांडून आलीस?" आईने विचारलं.

"नाही."

"चांगल्या आहेत त्या. नावं चुकतात त्यांची, पण चांगल्या आहेत. परवा मला कुणाची तरी काकू समजून तासभर गप्पा मारल्या. मीही मारल्या."

बाईंना हसू आलं. खोलीत पाहुण्यांसाठी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. ती ओढून त्या बसल्या. करण्यासारखं काही नव्हतं. चादर दुसऱ्या कुणी ताणली होती, औषधं दुसऱ्या कुणी दिली होती. आईने समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायला घेतली. तो रोज सकाळी टाय बांधून तयार होतो आणि नाश्त्यानंतर पुन्हा झोपतो. मग ती मध्येच थांबली, खुर्चीत जराशी पुढे सरकली आणि पाठ लेकीकडे वळवली.

"खाजव गं जरा," ती म्हणाली. "केव्हाची खाजतेय. इथे कुणाला सांगणार?"

बाईंनी हात पुढे केला.

"आणखी वर," आई म्हणाली. "तिथे नाही. डावीकडे."