गल्लीतलं शेवटचं घर

माझं डोकं तापट आहे हे अख्ख्या ओरान शहराला ठाऊक आहे, पण या प्रकरणात चूक माझीच. माझं व्हिडिओ गेमचं दुकान. ज्या कंपनीचे गेम आम्ही घेतो, तिच्या यादीत अल्जीरिया हा देशच नाही. मग खातं उघडताना फ्रान्सचा पत्ता टाकायचा, इथे सगळेच टाकतात. मी पडलो आळशी. लियोंमधल्या चुलतभावाचा एकच पत्ता मी सगळ्या गिऱ्हाइकांच्या खात्यांना चिकटवला. त्याच्या दोन खोल्यांत कागदोपत्री एकशे चाळीस माणसं राहत होती!

यंदा कंपनीच्या ते लक्षात आलं आणि खाती बंद व्हायला लागली.

आमच्या पोरांनी एका गेममध्ये आपली गल्ली हुबेहूब बांधली होती, ज्याने त्याने आपापलं घर. शेवटचं घर नझीरचं. नझीर दोन वर्षांपूर्वी होडीतून स्पेनला निघाला आणि पोचल्याचा फोन काही आला नाही. त्याची आई, आमची खाल्ती, म्हणजे मावशी, झोलिखा, रोज दुपारच्या नमाजानंतर दुकानात येऊन त्याचं खातं उघडायची, गल्लीतून चालत जायची आणि दार वाजवायची. आतून नझीरने भरून ठेवलेला आवाज यायचा, "आलो, यम्मा, आलो." मग ती चहा प्यायची. नझीरचं नाव घेऊन कुणी 'अल्ला त्याच्यावर दया करो' म्हटलं की ती उठून चालती व्हायची. मेलेल्यांसाठी म्हणायचं ते माझ्या पोराला कशाला, म्हणायची. मयताच्या नावाने आमच्यात रव्याचं कुसकुस शिजवून कुराण वाचून घेतात, तेही तिने कुणाला करू दिलं नव्हतं.

एके दिवशी तिने विचारलं, गेममधलं त्या बुआलेमचं घर कुठे गेलं? त्या पोराचं खातं बंद झालं होतं, घराच्या जागी नुसती वाळू होती. दुसऱ्या दिवशी शेजारची दोन घरं गेली. वाळू तिच्या दाराकडे सरकत होती आणि मी मख्खासारखा बघत होतो.

"आपलं नाही ना जाणार?" तिने विचारलं.

"कसं जाईल? विकत घेतलंय ते, तुमचंच आहे," मी म्हणालो. माझी जीभ झडली का नाही तेव्हा!

मी कंपनीला विनवण्या केल्या. त्यांचं म्हणणं, खातेदाराने स्वतः कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा. मी लिहिलं, तो समुद्रावर आहे, आईला वापरू द्या. उत्तर आलं की खातेदार हयात नसेल तर खातं तिथेच संपतं. वारसाला काही मिळत नाही, कारण गेम विकलेला नव्हताच, फक्त वापरायला दिला होता.

निदान आवाज तरी राहावा म्हणून मी तो मोबाईलवर उतरवून तिला ऐकवला. तिने मोबाईल परत केला. "यात तो आपला आपणच बोलतो रे, लखदर," ती म्हणाली. "तिथे मी दार वाजवल्यावर बोलतो."

गुरुवारी ती आली, खातं उघडायला बसली. पडद्यावर चार ओळी आल्या, खातं कायमचं बंद केल्याच्या. तिला फ्रेंच वाचता येत नाही. वाचून मीच दाखवल्या. रडेल, मला शिव्या घालेल असं वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने ओढणी नीट केली.

"उद्या जुम्म्यानंतर घरी ये," ती म्हणाली. "कुसकुस करतेय, नझीरच्या नावाने. मशिदीत सांग, कुराण वाचायला माणसं लागतील."