फिटरचं गाणं

"अहो, बघा, बघा! फिटरकाका गातायत!" गाणं शिकवणाऱ्या बाई हातातले कागद टाकून उठल्याच.

स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांचा आणि त्यांना सांभाळणाऱ्यांचा हा गाण्याचा वर्ग वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायचा. फिटर तिथं इतके आठवडे नुसता खांबासारखा बसून होता. बायकोचं नाव गेलं, पोरांची तोंडं गेली, चमचा कसा धरायचा तेही गेलं. आणि आज स्वारी आपणहून झोपाळ्याचं ते जुनं, गोड गाणं म्हणू लागली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

सगळ्या खोलीनं गाणं उचललं. त्याच्या बायकोची नजर मात्र दाराच्या कडीवर गेली. बाई शिवणकाम करणारी, उभा जन्म मशीनवर वाकून काढलेला. हेच गाणं गुणगुणत तो दाराला कडी घालायचा. पहिलं कडवं संपेतो कमरेचा पट्टा हातात आलेला असायचा, आणि दुसऱ्या कडव्याला बक्कल कुणाच्या पाठीत बसेल याचा नेम नसायचा. थोरल्याचा एक कान तेव्हाच गेला.

आताही फिटरचा हात कमरेशी गेला. नाडीच्या विजारीवर बोटं पट्टा शोधत राहिली.

दारात काहीतरी धाडकन आपटलं. आईबापांना घरी न्यायला आलेला थोरला, चांगला धिप्पाड बसड्रायव्हर, दोन्ही हात डोक्यावर धरून भिंतीला चिकटला होता. वय पन्नाशीचं!

ते पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं. तिनं नवऱ्याच्या तोंडावर हात दाबला. "बस्स! एक शब्द काढायचा नाही."

फिटर कडकडून चावला. ती हात काढीना. खुर्ची उलटली, दोघंही खाली कोसळली, मनगटावरून रक्ताची धार लागली तरी ती दाबतच राहिली.

"अहो ताई, सोडा त्यांना! गाऊ द्या की!"

"दुसरं कुठलंही म्हणा बाई. हे नाही."

हळूहळू दात सैल पडले. गाणं विरून गेलं. फिटरला समोरचं रक्त दिसलं आणि त्याचा जीव कळवळला. "अरेरे! कुणी मारलं हो बाई तुम्हाला?"

शेजारणींना, डॉक्टरांना, अगदी सख्ख्या आईलाही तिनं जन्मभर एकच सांगितलं होतं: न्हाणीत पाय घसरला. तिनं थोरल्याकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता.

"तुम्ही," ती मोठ्यानं म्हणाली. "तुम्ही मारलंत. मला, आणि या पोरालाही."

"छे, छे! असं कुणी करतं का?" फिटर सदऱ्याच्या टोकानं तिचं रक्त जपून टिपू लागला. "त्याला सोडू नका हं."

तिला इतका संताप आला की रडूसुद्धा फुटेना. ज्याला जाब विचारायचा, तो केव्हाच हातून निसटला होता.

थोरल्यानं पुढं येऊन तिचा हात सोडवला, आपल्या रुमालानं घट्ट बांधला. "चल आई. घरी चल."

"थांब," ती म्हणाली. "आधी यांना उठव. फरशी गार आहे."