चादरीमागचा डोह

मी चादर. बोलतेय म्हणून दचकू नका. आजवर सगळे माझ्यावर बसून, लोळून, रुसून बोलत आले. एकदा मी बोलले तर काय बिघडलं?

बोलायला निमित्त झालं एका काळजीचं. तसं आमच्या घरातल्या आईला काळजी करायला निमित्त लागत नाही. मुलगी खोकली की न्यूमोनिया, आणि दोन तास खोकली नाही की ‘ही एवढी गप्प का?’ पण ही काळजी निराळी होती. त्या रात्री ती मला अंगाभोवती गुंडाळून सोफ्यावर बसली, आणि तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

काळजी अशी, की उद्या एक माणूस तिच्या मुलीला एक प्रश्न विचारणार होता. मुलीनं खरं सांगितलं, तर एक डोह हातचा जाणार होता. मुलीनं थाप मारली, तर सहा वर्षांची पोर खोटं बोलायला शिकली, आणि शिकवणारी कोण? सख्खी आई.

“म्हणजे कसंही झालं तरी नापास मीच,” ती पुटपुटली आणि माझ्या काठाला नाक पुसलं.

पण असं मधूनच सांगितलं तर तुमच्या डोक्यावरून जाईल. पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म यंत्रमागावरचा. माझ्याबरोबरच्या चादरींच्या नशिबी गुलाब आले, फुलपाखरं आली, चौकटी आल्या. माझ्या वाट्याला एक धुरकट निळा रंग, बस्स. दुकानदार मला झटकून म्हणाला, “ही घ्या, हिच्यावर मळ दिसत नाही.” रूप नाही म्हणून गुण सांगतात, त्यातला प्रकार. पण मी खपले.

पुढे बाळ झालं आणि मी त्याच्या खाटेवर गेले. ती माझी राणीची वर्षं. दूध, लाळ, औषध, सगळं मी पोटात घेतलं. आई पुस्तकं वाचून मूल वाढवत होती. पुस्तकात एक लिहिलेलं, बाळ दुसरंच करायचं, आणि आई मला घट्ट मुठीत धरून म्हणायची, “माझंच काहीतरी चुकतंय.” एकदा तिनं मला निर्जंतुक करायचं म्हणून इतकी कडक इस्त्री फिरवली, की माझ्या कोपऱ्यावर करपल्याचा ठसा उठला. तो अजून आहे. त्यानंतर मला बढती मिळाली ती थेट गाडीच्या डिकीत, जादा चाकाच्या शेजारी.

तिथंच माझी गाठ पडली गळाच्या काठ्यांशी.

तुम्हाला नवल वाटेल, पण ही घाबरट बाई पाण्याच्या काठाला बसली की बदलून जायची. गळ टाकला की खांदे खाली यायचे, कपाळावरची आठी जायची. हे वेड तिला तिच्या मावशीनं लावलेलं. मावशी म्हणजे बोलायला फटकळ आणि गळाला धीराची. “मासा घाई करत नाही, तू कशाला करतेस?” हे तिचं सगळं तत्त्वज्ञान.

दोघी पूर्वी जुन्या पुलाखाली बसायच्या. एकदा आईला तिथं हातभर लांबीचा, पिवळ्या पोटाचा मासा लागला. बाबांचा ऊर भरून आला. बायकोचं कौतुक म्हणून त्यांनी मासेमारीच्या ग्रुपवर फोटो टाकला. फोटोत मासा होता, बायको होती आणि मागे अख्खा पूल होता, कठड्यावरच्या पाटीसकट.

पुढच्या सुट्टीला पुलाखाली जत्रा. गाड्या, स्पीकर, प्लास्टिकच्या ताटल्या. कुणीतरी या काठापासून त्या काठापर्यंत जाळंच लावलं. काही महिन्यांत तिथं गळाला चिंधी लागायची, नाहीतर चप्पल. मावशीनं काठी उलगडलीच नाही, तशीच घेऊन माघारी फिरली. बाबांना वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मग मावशीचे गुडघे गेले. उतार उतरणं जमेना. तेव्हा तिनं आईला बोलावून घेतलं आणि आपला डोह दिला. हो, दिलाच म्हणायचं. लोक अंगठी देतात, बांगड्या देतात. हिनं नदीचं एक वळण दिलं. तिथं पाण्यात जुन्या झाडाचं खोड बुडालंय आणि त्याच्या आडोशाला मासे अंडी घालतात.

“पोटात अंडी असलेली मासळी परत सोडायची. हावरटपणा करायचा नाही. आणि तोंड बंद,” मावशी म्हणाली.

“फोटो?” बाबांनी भीत भीत विचारलं.

“तुम्ही तर बोलूच नका, जावईबापू.” मग तिला दया आली असावी. “काढा. पण मागे काहीतरी धरा. डोंगर नको दिसायला, झाड नको, काही नको.”

बाबांनी डिकी उघडली. तिथं मी होते. धुरकट निळी, एकही फूल नसलेली.

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. मासा लागला की आई हात ओले करून गुडघ्यावर बसायची. कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, म्हणून ओले. बाबा माझं एक टोक धरायचे, मुलगी दुसरं. तिला घरात सगळे चिंगळी म्हणतात. चिंगळी टाचा उंच करून, जीभ बाहेर काढून मला ताणायची. समोर दगडाला टेकवलेल्या फोनवर आपोआप फोटो निघायचा आणि मासा पाण्यात. माझ्यामागे सगळा डोह उभा असायचा आणि माझ्यापुढे जगाला दिसायची एक चादर.

ग्रुपवर मी गाजले. ‘ताई, मासा धुऊन वाळत घातलाय का?’ ‘ताई, पलंगाखालून पकडता की काय?’ आई ‘चादरवाल्या ताई’ झाली. पण हसणारे तरी कुठले साधे? एक जण मासा घरी आणून न्हाणीघराच्या फरशीवर फोटो काढतो. एक जण मागचं सगळं पुसून तिथं बर्फाचे डोंगर चिकटवतो. आणि कुठं लागला असं विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं, ‘पाण्यात.’ माणसांची मोठी गंमत वाटते मला. मासा दाखवल्याशिवाय राहवत नाही आणि जागा दाखवायची म्हटलं की पोटात गोळा.

आणि मग एका सकाळी वारा सुटला. चिंगळीला शिंक आली. तिच्या बाजूनं मी खाली घसरले, नेमका त्याच क्षणी फोटो निघाला. आईनं पाहिला तो मासाच. फोटो टाकला, फोन खिशात ठेवला.

फोटोत माझ्या वर, कोपऱ्यात, पाण्याची पातळी मोजायच्या खांबाचं टोक दिसत होतं. पांढऱ्या-लाल पट्ट्यांचं.

‘ताई, खांब छान आहे,’ असं कुणीतरी लिहिलेलं तिला घरी आल्यावर दिसलं. लिहिणारा होता उस्ताद. गळ, दोर आणि आमिषं विकणारं गावातलं मोठं दुकान त्याचं. त्यानं एखादी जागा दाखवली की शंभर माणसं तिकडे धावतात, आणि धावण्याआधी त्याच्याच दुकानातून गळ नेतात. आईनं फोटो काढून टाकला. पण बाण सुटला होता. नदीला असे खांब बरेच आहेत. उस्तादला आता एवढंच कळायला हवं होतं, की त्यातला कुठला.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानात मुलांना गाठी मारायला शिकवण्याचा वर्ग होता. चिंगळी महिनाभर त्याचीच माळ जपत होती.

“नको नेऊस,” बाबा म्हणाले. “ताप आलाय म्हणून कळवू.”

“म्हणजे तिच्यासमोर मीच थाप मारू? छान!” आई म्हणाली.

मगाशी सांगितली ती रात्र हीच. सकाळी ती उठली तेव्हा डोळे सुजलेले, पण माझी घडी घालणारे हात ठाम होते. अशी कडक घडी तिनं माझी कधी घातली नव्हती.

तिनं चिंगळीला समोर बसवलं. “हे बघ, कुणी डोहाबद्दल विचारलं तर खोटं बोलायचं नाही.”

“बरं.”

“आणि सांगायचंही नाही.”

चिंगळीनं डोकं खाजवलं. “मग काय बोलायचं?”

हे आईच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. “माहीत आहे, पण सांगणार नाही, असं म्हणायचं. नाहीच जमलं तर माझ्याकडे बघायचं. मी आहे.”

छोटी काठी माझ्यात गुंडाळून आम्ही दुकानात गेलो. मला फरशीवर अंथरलं आणि माझ्यावर चिंगळी बसली. मुलं दोराशी झटापट करत होती. भिंतीला टेकून ग्रुपमधली माणसं चहा पीत होती. सगळ्यांचे कान आमच्याकडे.

उस्ताद तसा गोड माणूस. त्यानं चिंगळीची गाठ दुरुस्त करून दिली, मग गळाला लावायचा चमचमणारा एक खोटा मासा तिच्यापुढे नाचवला. “हा घे तुला. आणि मला सांग, तो पट्ट्यांचा खांब कुठं आहे गं?”

“मला माहितीये,” चिंगळी म्हणाली.

आईच्या हातातला कप हिंदकळला. चहा माझ्यावर सांडला. डागात डाग.

“अरे वा! मग सांग की.”

“सांगणार नाही.” चिंगळीनं चमचमता मासा त्याच्यापुढे सरकवून दिला. सरकवताना तिची नजर मात्र त्याच्यावरच होती.

“आईनं पढवलंय ना?” उस्ताद हसला. “शाळेत काय शिकवतात, वाटून खावं की एकट्यानं खावं?”

आता आई पुढे आली. कप तिनं बाजूला ठेवला होता. “उस्ताद, लेकराला कशाला विचारता? मला विचारा. जागा मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही.”

“नदी काय तुमच्या मालकीची आहे, ताई?”

“नाही ना. म्हणून तर. पुलाखालचीही माझी नव्हती. तिथं आता काय मिळतं?”

“चपला,” भिंतीजवळून कुणीतरी म्हणालं. “आणि त्याही एका पायाच्या.”

दुकानात हशा पिकला. उस्तादही हसला, पण हार मानेल तर तो उस्ताद कसला! तो माझ्यावर मांडी घालून बसला. चिंगळीनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि विचारलं, “काका, तुमची जागा कुठंय?”

हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत कुणी तोंडावर विचारला नव्हता. ग्रुपला तो दाखवतो त्या जागा निराळ्या. त्याची स्वतःची, तो एकटा जातो ती, कुणालाच ठाऊक नव्हती. भिंतीजवळची माणसं टेकण सोडून सरळ झाली.

उस्तादच्या डोळ्यांत डाव चमकला. “कानात सांगतो. पण कुणाला सांगायचं नाही हं.” वाकला आणि खरंच सांगितली. मी खालीच होते. मी ऐकलं. आणि तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते, माझ्याकडून काही निघणार नाही.

“झालं?” तो ताठ झाला. “मी माझी सांगितली. आता तू तुझी.”

एवढ्याशा पोरीला असा पेच! आई मध्ये पडणार, तेवढ्यात चिंगळी म्हणाली, “तुमची मी कुणाला सांगणार नाही. आणि आईची पण कुणाला सांगणार नाही.”

भिंतीकडून पहिली टाळी वाजली. शेवटी उस्तादनं तो चमचमता मासा तिच्या मुठीत कोंबला. “ठेव. हा जागा सांगण्यासाठीचा नाही, गाठ चांगली मारल्याबद्दलचा.” आणि आईला हळूच म्हणाला, “ताई, आमची जागा तेवढी... पोरीला तिच्या शब्दाची आठवण राहू द्या.” त्याच्या कपाळावर घाम होता. आपण काय करून बसलो, ते त्याला आत्ता कळत होतं.

तर अशी मी. काठ उसवलेत, एक कोपरा करपलेला, मधोमध चहाचा ताजा डाग. अजून रोज डिकीत जाते, अजून डोहापुढे उभी राहते, आणि चिंगळीच्या बाजूनं आता घसरत नाही, कारण आईनं तिकडे मनगटात अडकवायला एक बंद शिवून घेतला आहे. मला फाडून फरशी पुसायला घ्याल तेव्हा घ्या. तोवर एकच मागणं. कुणी हौसेनं मासा दाखवला तर माशाकडे बघा, भरपूर वाहवा करा, आणि माझ्यावरून मान उंचावून मागे डोकावू नका. तिथं अंडी आहेत.

आता एवढं तुमच्या कानावर घालते आणि थांबते. परतीच्या वाटेवर गाडीत आईचा जीव हलका झाला होता. हलक्या जिवाला भलतं सुचतं. सिग्नलला तिनं मागे वळून, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय गं, उस्तादकाकांची जागा कुठं आहे म्हणाले? मला एकटीला सांग. मी काय कुणाला सांगणार आहे?”

चिंगळीनं चमचमत्या माशावरून नजर वर केली.

“आई, मी तुझी काकांना एकट्यालाच सांगितली असती, तर तुला चाललं असतं का?”